घरांतील यंत्र आणि घरांतील आवाज

एखादें यंत्र वीस-पंचवीस वर्षें घरांत राहिलें म्हणजे घरांतील माणसांप्रमाणें त्याच्याहि खोडी सर्वांना पाठ होतात. कोणतें बटण किती दाबावें, कोणत्या बाजूचा स्पीकर थोपटल्यावर बोलूं लागतो, पावसाळ्यांत गाणें लावण्यापूर्वीं यंत्र किती वेळ तापूं द्यावें, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. असें यंत्र एके दिवशीं कायमचें मुकें झालें कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आतां नवें घ्यावें." दुसरा म्हणतो, "हेंच दुरुस्त करावें." पैशाची गोष्ट निघाली कीं तिसरा पक्ष उभा राहतो आणि विचारतो, "हातांत फोन असतांना यंत्र हवेंच कशाला?"

सीबीडी बेलापूरच्या वस्तींत हा वाद निघाला तर नवल नाहीं. खाडीपलीकडे नवें शहर वसवून मुंबईची दाटी कमी करावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं ‘मार्ग’ या नियतकालिकांतून मांडली. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली. १९७३ सालीं वाशीचा खाडीपूल खुला झाला. १९९२ सालीं मानखुर्दहून रेल्वे वाशीस आली आणि पुढें ती बेलापुरास पोंचली. कोंकण भवन, सिडको भवन, बँकांच्या कचेऱ्या यांच्या आधारानें पारसिकच्या डोंगराखालीं जी वस्ती झाली, तींत पगारावर संसार करणारीं माणसें पुष्कळ होतीं. चाळींतल्या दोन खोल्या सोडून नव्या घरीं येणाऱ्या कुटुंबानें पहिल्या हप्त्यांत पलंग घेतला, दुसऱ्यांत शीतकपाट घेतलें, आणि मग कधींतरी दिवाळीच्या सुमारास स्टीरिओ घेतला, असा तो काळ होता. त्या काळीं घेतलेलीं यंत्रें आतां एकामागून एक थकत आहेत.

दुकानदार विचारतो, किती वॅटचें हवें. परंतु घराचा खरा प्रश्न निराळा आहे. यंत्र बदलणें सोपें. जुन्या यंत्रावर जें ऐकलें जाई, त्याचें काय करावयाचें, हें ठरविणें कठीण. महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या घरांवर गेल्या सव्वाशें वर्षांत हा प्रश्न निदान पांच वेळां येऊन गेला आहे. प्रत्येक वेळीं कांहीं मिळालें आणि कांहीं हातचें गेलें. तो हिशेब एकदां डोळ्यांखालून घातला तर सहाव्या वेळीं चूक होण्याचा संभव कमी.

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला. त्यांत आवाज एका नळकांड्यावर उमटत असे. त्या यंत्राचा एक गुण आज विसरला गेला आहे: तें यंत्र गात असे, तसेंच ऐकतहि असे. ज्याच्या घरीं तें होतें, त्याला स्वतःचा आवाज त्यावर उमटवितां येई. दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनरनें ग्रामोफोनची सपाट तबकडी पुढें आणली. एका साच्यावरून हजारों तबकड्या काढतां येत. त्यामुळें ती स्वस्त झाली आणि नळकांडें मागें पडलें. परंतु तबकडीवर घरच्या माणसाला कांहीं उमटवितां येत नसे. म्हणजे पहिल्याच अदलाबदलींत घराची बोलण्याची सोय गेली आणि ऐकण्याची तेवढी राहिली. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे, कारण गेलेली सोय परत येण्यास जवळजवळ पाऊण शतक लागलें.

हिंदुस्थानांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. आरंभीं येथें गायिलेलें गाणें तबकडीच्या रूपानें जर्मनींतील हॅनोव्हरहून परत येत असे. १९०८ सालीं कलकत्त्यांतच कारखाना निघाला. पुढें मुंबईंतहि नॅशनल ग्रामोफोन कंपनीनें ‘यंग इंडिया’ या नांवानें वडाळ्याच्या कारखान्यांतून तबकड्या काढल्या. या तबकड्यांत जी लाख असे ती आपल्याच देशांतील झाडांवरच्या किड्यांनीं तयार केलेली असे. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटें वाजे, आणि प्रत्येक बाजूस पोलादी सुई बदलावी लागे.

तीन मिनिटांची ही मर्यादा लहान दिसते. पण कोणाचा आवाज पुढील पिढीच्या घरांत राहावयाचा, याचा निवाडा तिनें केला. जो गवई आपला राग तीन मिनिटांत बसविण्यास राजी झाला, त्याचा आवाज राहिला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खां १९३७ सालीं वारले, तरी त्यांचा सूर आजहि ऐकावयास मिळतो. बालगंधर्वांचीं पदें नाटकगृहांतून घराघरांत गेलीं तीं तबकडीमुळें. याच्या उलट, जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खां १९४६ सालापर्यंत हयात असून त्यांची एकहि तबकडी बाजारांत आली नाहीं. आणि भास्करबुवा बखल्यांची थोरवी शिष्यांच्या गळ्यांतूनच समजून घ्यावी लागते.

दुसरें स्थित्यंतर रेडिओनें घडविलें. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्तें झालें. कंपनी १९३० सालीं बुडाली, सरकारनें काम हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. गृहस्थाच्या दृष्टीनें हिशेब असा होता: ग्रामोफोन घेतला कीं दर महिन्यास तबकड्यांचा खर्च मागें लागतो, रेडिओ एकदां घेतला आणि वर्षाचे दहा रुपये परवान्याचे भरले कीं गाणें, बातम्या, कीर्तन, श्रुतिका सारें घरबसल्या मिळतें. मध्यम स्थितीच्या माणसास हा सौदा पटला, आणि ग्रामोफोन हळूहळू माळ्यावर गेला.

रेडिओचा उपकार मोठा आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ दर आठवड्यास एक याप्रमाणें सुरू झालें, आणि छप्पन्न गीतांनीं तें पूर्ण झालें. ज्यांच्या घरीं रेडिओ नव्हता, ते शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून ऐकत. परंतु रेडिओ देतो तें ठेवूं देत नाहीं. ऐकलें तें ऐकलें. चुकलें तें चुकलें. म्हणून ज्यांना परवडलें त्यांनीं रेडिओग्राम घेतला. म्हणजे एकाच लांकडी पेटींत रेडिओहि आणि तबकडीहि. ठाण्यास मर्फीचा कारखाना होता, आणि मर्फी, फिलिप्स, बुश हीं नांवें त्या काळच्या दिवाणखान्यांत घरच्यासारखींच झालीं होतीं. नवें घेतांना जुन्यास जागा ठेवावी, ही शहाणी युक्ति रेडिओग्रामनें प्रथम दाखविली.

तिसऱ्या वेळीं तबकडीच बदलली. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मिनिटास सव्वातेहतीसहून किंचित् अधिक, म्हणजे शंभर भागिले तीन, फेरे घेणारी लांब वाजणारी तबकडी काढली. तिची एक बाजू वीस मिनिटांवर वाजे. ख्यालास प्रथमच हातपाय पसरावयास जागा मिळाली. पण हिची खांच जुन्या तबकडीच्या खांचेपेक्षां पुष्कळच अरुंद. एकीची सुई दुसरीस चालत नसे. १९५० व १९६० च्या दशकांतील चांगल्या यंत्रांत यावर तोड होती: ७८, ४५, ३३ आणि १६ अशा चार गति, आणि एका अंगास जाड व दुसऱ्या अंगास बारीक अशी उलटसुलट फिरणारी सुई. ज्यानें असें यंत्र घेतलें त्याच्या वडिलांच्या तबकड्या वाजत राहिल्या. ज्यानें केवळ नवी गति पाहिली, त्यानें जुन्या तबकड्या रद्दीवाल्यास वजनावर दिल्या. त्यांतल्याच कित्येक पुढें चोरबाजारांत निघाल्या. १९९० सालीं मुंबईंत सुरेश चांदवणकर प्रभृतींनीं जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था स्थापन केली, तेव्हां रद्दींत गेलेल्या संगीताचें मोल लोकांना कळूं लागलें.

याच सुमारास स्टीरिओ आला. त्याचें मूळ तत्त्व मात्र बरेंच जुनें आहे. मनुष्यास दोन कान आहेत. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानास आधीं व डाव्या कानास मागाहून पोंचतो. हें अंतर जास्तींत जास्त सेकंदाच्या सुमारें दीड हजाराव्या भागाएवढें असतें, तरी तेवढ्यावरून मेंदु दिशा ओळखतो. १८८१ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें नाट्यगृहांतील गाणें दोन तारांनीं दूर नेऊन दोन कानांस स्वतंत्रपणें ऐकविलें होतें. पुढें इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन नांवाच्या तरुण अभियंत्यानें डिसेंबर १९३१ मध्यें या विषयाचें पेटंट मागितलें. चित्रपटगृहांत पडद्यावरील पात्र एका बाजूस आणि त्याचा आवाज दुसऱ्या बाजूस, हें पाहून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. तो १९४२ सालीं विमान अपघातांत वारला. तबकडीच्या एकाच खांचेच्या दोन भिंतींवर दोन बाजूंचा आवाज कोरावा, ही त्याच्या पेटंटांतली योजना त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं, १९५८ च्या सुमारास, बाजारांत आली.

या योजनेची खरी थोरवी निराळीच आहे. दोन भिंतींचीं तिरपीं कोरणीं अशीं बसविलीं होतीं कीं त्या दोहोंची बेरीज जुन्या एकेरी तबकडीच्या कोरणीसारखीच व्हावी. त्यामुळें स्टीरिओ यंत्रावर जुनी लांब तबकडी निर्वेध वाजे, आणि श्रोत्यास एका दिवसांत सारा संग्रह टाकावा लागला नाहीं. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं कॅसेट काढली. तिच्यांतहि पुढें स्टीरिओचे दोन पट्टे शेजारीं शेजारीं ठेवण्यांत आले, म्हणून एकेरी यंत्र दोन्ही पट्टे एकत्र वाचूं शके. या दोन्ही योजना दीर्घकाळ टिकल्या, त्यांत या सोयीचा वांटा मोठा आहे.

कॅसेट हें चौथें स्थित्यंतर, आणि मराठी घराच्या दृष्टीनें तें सर्वांत महत्त्वाचें. एडिसनच्या नळकांड्याबरोबर गेलेली सोय कॅसेटनें परत आणली: घर पुन्हां बोलूं लागलें. कोंकणांतले पुष्कळ लोक आखातांत नोकरीस गेले होते. सुटीवर येतांना त्यांच्याबरोबर टू-इन-वन आला. आयात मालावर जबर जकात असल्यामुळें अशा यंत्राची ऐट मोठी होती. त्यावर चित्रपटगीतें वाजलीं, तशीच लाल बटण दाबून आजीची जात्यावरची ओवी घेतली गेली, आळींतल्या गणपतीपुढचें भजन घेतलें गेलें, बारशाचा पाळणा घेतला गेला, कोणा बुवांच्या खासगी बैठकींतला मारवा घेतला गेला. बाजारांतील तबकडीच्या हजारों प्रती असतात. या कॅसेटची प्रत एकच. आणि ती सुद्धां चार मिलिमीटरांहून कमी रुंदीच्या पट्टीवर, सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर या वेगानें लिहिलेली.

पांचवें स्थित्यंतर १९८२ सालच्या कॉम्पॅक्ट डिस्कपासून सुरू होऊन आजच्या फोनपर्यंत येतें. येथें आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन ते आंकड्यांत लिहितात. खरखर गेली, सुईची झीज गेली. आणि पुढें तर तबकडीहि जाऊन नुसता आंकडा राहिला. फोनवर आज जें मागावें तें मिळतें. मात्र तें भांडार भाड्याचें असतें. मासिक वर्गणी थांबली कीं दार बंद. शिवाय आजीची ओवी कोणत्याहि भांडारांत मागून मिळत नाहीं. आणखी एक मौज अशी कीं, फोनबरोबर विकली जाणारी बिनतारी लहान पेटी एकाच ठिकाणाहून बोलते. दोन कानांसाठीं जगानें एवढी खटपट केली, आणि बाजार पुन्हां एकेरी आवाजाकडे आला.

आतां बेलापूरच्या घराकडे वळण्यास हरकत नाहीं. सेक्टर ८ मधील ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वस्ती चार्ल्स कोरिया यांनीं १९८० च्या दशकांत सिडकोसाठीं योजिली. तेथील भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. लहान चौकाभोंवतीं घरें बसविलेलीं, आणि प्रत्येकास आपलें घर पुढें वाढवितां यावें म्हणून एका घराची भिंत दुसऱ्या घराशीं सामाईक नाहीं. गाणें ऐकणाऱ्यास यापरती सोय नाहीं. कारण ठोक्याचा जाड आवाज शेजारीं जातो तो बहुधा सामाईक भिंतींतूनच. पुढें तेथील कित्येक घरांवर मजले चढले आणि मोकळी हवा आकसली, ती गोष्ट वेगळी. आसपासच्या इमारतींतील सदनिकांना मात्र ती सोय पहिल्यापासूनच नाहीं. तेथें भिंत सामाईक, छत सामाईक, आणि दुपारीं झोपणारें शेजारचें तान्हें मूलहि एका अर्थीं सामाईकच. निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा ४५ डेसिबेल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातली आहे. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलींत राहणाऱ्यानें यंत्र घेतांना ती ध्यानांत धरावी.

येथें वॅटचा भ्रम दूर करणें अवश्य आहे. समजा, स्पीकरची क्षमता अशी कीं एक वॅट दिला असतां एक मीटरवर ८७ डेसिबेल आवाज मिळतो. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं सहा डेसिबेल कमी होतात. म्हणजे दोन मीटरवर ८१ राहतात. बंद खोलींत भिंतींमुळें घट याहूनहि कमी. आतां शक्ति दहा पटींनीं कमी केली तर दहा डेसिबेल उतरतात. म्हणजे ७१ डेसिबेलचा भरपूर आवाज एक दशांश वॅटांत होतो! तबल्याची थाप किंवा तार षड्ज यांसाठीं आणखी वीस डेसिबेल हाताशीं ठेवले, तरी दहा वॅट पुरतात. म्हणून लहान खोलीस प्रत्येक बाजूस वीस-पंचवीस खरे वॅट हे पुरून उरतात. खोक्यावर हजारांच्या भाषेंत ‘पीएमपीओ’ असा जो आंकडा छापीत, तो क्षणभराचा, कल्पनेंतला. ‘आरएमएस’ या अक्षरांपुढें जो आंकडा असेल, तोच व्यवहारांत धरावा. आणि शंभर वॅटांचे पन्नास केले तर आवाज निम्मा होत नाहीं, केवळ तीन डेसिबेल उतरतो. तेवढ्यासाठीं दुप्पट पैसे मोजण्याचें कारण नाहीं. माणसाएवढे उंच स्पीकर अशा खोलींत ठेवणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड.

नवें घेण्यापूर्वीं जुन्याची नाडी पाहावी. यंत्र ‘मेलें’ असें घरचे म्हणतात, तेव्हां पुष्कळदां त्याचा एखादाच अवयव गेलेला असतो. कॅसेटची गति मंद झाली असेल तर आंतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. स्पीकर फाटका बोलत असेल तर कागदी शंकूभोंवतींची स्पंजाची कड खाडीच्या दमट हवेनें कुजलेली असते; लोहचुंबक आणि पेटी शाबूत असतात, आणि कड बदलून मिळते. यंत्र चालूं करतांच घुमघुम ऐकूं आली तर विजेच्या भागांतील कपॅसिटर वाळलेले असतात. डिस्क अडखळत असेल तर भिंग मळलेलें असण्याचा संभव. मुंबईंत लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, या कामासाठीं आजहि प्रसिद्ध आहे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक येऊं लागला, तर मात्र हट्ट सोडावा. आणि तेव्हांहि स्पीकर चांगले असतील तर तेवढे ठेवून बाकीचें बदलावें.

सर्वच नवें घ्यावयाचें ठरलें, तर अंथरूण पाहून पाय पसरावे. हातीं शंभर रुपये आहेत असें धरून चालूं. प्रत्यक्ष रक्कम कितीहि असो, प्रमाण तेंच. त्यांतले पन्नास स्पीकरांवर खर्चावे, कारण विजेचा पुन्हां आवाज तेच करतात आणि चांगल्या-वाईटांतला फरक कानास सर्वांत अधिक तेथेंच कळतो. तीस अँप्लिफायरवर खर्चावे. उरलेले वीस तबकडी, कॅसेट किंवा डिस्क वाजविणाऱ्या साधनावर, तारांवर आणि स्टँडवर. फोन घरांत आहेच. तो तारेनें किंवा बिनतारी जोडला कीं त्याचा वेगळा खर्च नाहीं. तिसऱ्या पक्षाचें म्हणणें एवढ्यापुरतें खरें आहे.

अँप्लिफायर घेतांना पाठीमागच्या खांचा पाहाव्यात. पुढच्या दिव्यांचें तेज पाहूं नये. तबकडीच्या सुईंतून येणारी वीज अत्यंत क्षीण, व्होल्टाच्या कांहीं सहस्रांशांएवढी असते. तिला ‘फोनो’ नांवाची स्वतंत्र खांच लागते. ती नसेल तर वडिलांच्या तबकड्या मुक्या झाल्या असें समजावें, किंवा मध्यें बसविण्याच्या निराळ्या डबीचा खर्च धरावा. कॅसेटसाठीं निदान एक साधी खांच मोकळी असावी. ज्या यंत्रास केवळ बिनतारी जोडणी आहे आणि तार लावण्यास जागाच नाहीं, तें कितीहि सुबक असलें तरी जुना संग्रह असलेल्या घराच्या कामाचें नाहीं.

संग्रहाचें स्वरूपहि निवडीपूर्वीं पाहावें. बालगंधर्व, अब्दुल करीम खां, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ च्या तबकड्या मूळच्याच एकेरी आहेत. स्टीरिओच्या दोन स्पीकरांमुळें त्यांस रुंदी येत नाहीं. आवाज दोहोंच्या मधोमध उभा राहतो, आणि तोच त्याचा योग्य ठाव आहे. असल्या संग्रहाच्या घरानें ठोक्याच्या दणदणाटापेक्षां मनुष्याच्या कंठाचा आवाज कोणता स्पीकर सरळ बोलतो, याकडे लक्ष द्यावें. त्याची परीक्षा सोपी आहे. दुकानदाराचें झगझगीत गाणें ऐकूं नये. आपल्या घरचें, पाठ असलेलें गाणें बरोबर न्यावें. आवाज लहान ठेवून ऐकावा. लहान आवाजांतहि शब्द स्पष्ट ऐकूं आले, तंबोऱ्याची जवार तुटली नाहीं, आणि अर्ध्या तासानें कान थकले नाहींत, तर तो स्पीकर घरांत नांदेल.

घरीं आणल्यावर शेवटचें काम फुकटचें आहे, आणि तेंच बहुतेक लोक करीत नाहींत. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. लहान स्वराचा पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस यावा. पेटी कोपऱ्यांत कोंबूं नये; भिंतीपासून वीत-दीड वीत पुढें ओढावी, नाहींतर खर्ज घुमतो. फरशी उघडी असेल तर सतरंजी घालावी, खिडकीस जाड पडदा लावावा. इतकें न करतां जो नव्या यंत्रास दोष देतो, त्यास नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण लागू पडते.

पण या सर्वांच्या आधीं करण्याचें काम एकच आहे, आणि त्यास उशीर लावतां येत नाहीं. कॅसेटच्या पट्टीवरील लेप वर्षानुवर्षें झडतो. चार महिन्यांच्या पावसाळ्यांत तिला बुरशी चढते. पट्टी एकमेकीस चिकटली कीं वाजवितांना फाटते. म्हणून जुनें यंत्र टाकण्यापूर्वीं, किंवा तें गेलेंच असेल तर कोणाचें तरी चांगलें यंत्र चार दिवस मागून, घरांतील हातानें घेतलेल्या कॅसेटा आधीं उतरवून घ्याव्यात. विकतच्या कॅसेटांची घाई नाहीं. त्या दुसरीकडे मिळतील. ज्यांवर पेन्सिलीनें ‘आई — मे महिना’ किंवा ‘गणपती, रात्र दुसरी’ असें कांहीं लिहिलें असेल, त्या प्रथम घ्याव्यात. दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन निराळ्या घरीं ठेवाव्यात. कोणाचा आवाज, कोणतें गांव, कोणतें साल, हें सांगणारीं माणसें हयात आहेत तोंवर त्यांच्याकडून लिहून घ्यावें. नुसता आवाज राहिला आणि नांव गेलें, तर पुढच्या पिढीस तो कोणाचाहि वाटेल.

अल्लादिया खांचा आवाज राहिला नाहीं, यांत घरच्या माणसांचा कांहीं दोष नव्हता. त्या काळीं घरांत आवाज ठेवण्याचें साधनच बहुधा नसे. बेलापूरच्या एखाद्या कपाटांत आज जी कॅसेट पडली आहे, तिच्याविषयीं असें म्हणतां येणार नाहीं. साधन आहे आणि खर्चहि फारसा नाहीं. यास्तव दुकानांत जाण्यापूर्वीं तें कपाट एकदां उघडावें, आंत काय आहे याची यादी करावी, आणि ती यादी खिशांत घालून मग यंत्राची किंमत विचारावी.